घर, बोअर आणि पायाखालचा काळा दगड



गेल्या महिन्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. ताई मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या. नवरा-बायको दोघेही बावीस वर्षे पिंपरी-चिंचवडला राबतात. ते कारखान्यात हेल्पर, या चार घरची धुणीभांडी करतात. पोटाला चिमटा घेऊन थोडे पैसे साठले आहेत. सासू-सासरे थकले, म्हणून गावच्या जागेवर दोन खोल्या बांधाव्यात आणि दाराशी बोअर मारावा, असा बेत आहे. पण घरात जितकी तोंडे तितकी मते. सासरे म्हणतात, "दगड फुकट पडलाय, दगडमातीचंच बांधा." दीर म्हणतो, "भूकंपाचा मुलूख आहे, पैसा मातीत जाईल, बांधूच नका." शेजारची म्हातारी म्हणते, "पाप वाढलं की धरणी हलते, तिथं तुमचं घर काय करणार?" त्यात एक पाणाड्याही येऊन गेला. तळहातावर नारळ घेऊन तो जागाभर फिरला. एका ठिकाणी नारळ उभा राहिला, आणि त्याने पाच हजार रुपये मागितले.

ताई शेवटी लिहितात, "पैसे एकदाच आहेत. चुकलं तर पुन्हा उभं राहणं नाही. काय करावं?"

हे पत्र वाचून आम्ही ठरवले की या वेळचे सदर जमिनीवरच लिहायचे. ताईंचा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. शहरात घाम गाळून गावी घर बांधणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांचा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या पायाखाली आहे.

ती पहाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची बावन्न गावे भुईसपाट झाली. सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला आहे, काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. माणसे झोपेतच गेली.

आमच्या वसाहतीतल्या तरुणांनी तेव्हा घरोघर फिरून धान्य, चादरी आणि भांडी गोळा केली. ट्रकबरोबर आम्हीही गेलो. पाऊस लागला होता, चिखल झाला होता. दोन गोष्टी तिथे पाहिल्या, त्या अजून विसरता येत नाहीत. पहिली ही की, कित्येक घरांचा लाकडी सांगाडा, खांब आणि तुळया, तसाच उभा होता आणि चारी बाजूंच्या दगडी भिंती तेवढ्या कोसळल्या होत्या. दुसरी ही की, गावच्या कडेला कुडाच्या, गवताने शाकारलेल्या काही झोपड्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. दगडाचे घर ज्यांना कधी परवडले नव्हते, त्यांची ती घरे. गरिबीने त्यांना वाचवले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना हलक्या छपराने वाचवले.

हे का झाले ते नीट समजले, तर ताईंचे निम्मे उत्तर मिळते. त्यासाठी थोडे खोल जावे लागेल.

जमीन चालते

पातेल्यात दूध तापले की वर साय धरते. खाली उकळी चालू असली की साय ताणली जाते, सुरकुतते, फाटते, तिचे तुकडे एकमेकांवर चढतात. आपली पृथ्वी काहीशी अशीच आहे. वरचे कठीण कवच अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि बरेच लहान तुकडे आहेत. त्यांना शास्त्रज्ञ भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी साधारण शंभर किलोमीटर. खालचा थर दुधासारखा पातळ मात्र नाही. तो घनच आहे, पण भयंकर उष्णतेमुळे फार संथपणे वाहतो. रस्त्याच्या कामावर गेलेल्यांना हे चटकन समजेल. डांबराचा गोळा हातोडीने फोडला तर तुकडे होतात, पण तोच उन्हात पडून राहिला तर हळूहळू पसरतो. पृथ्वीच्या पोटातला खडक लाखो वर्षांच्या हिशोबाने असा पसरतो आणि वरचे पट्ट त्याच्याबरोबर सरकतात.

हे प्रथम ठामपणे मांडले १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने. तो हवामानाचा अभ्यासक होता. "हा बाहेरचा माणूस आम्हाला काय शिकवणार?" म्हणून भूगर्भवाल्यांनी त्याला हसण्यावारी नेले. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मेला, तेव्हाही त्याचे म्हणणे मान्य झाले नव्हते. पुढे १९५० च्या दशकात मेरी थार्प या अमेरिकन बाईने समुद्रतळाचे नकाशे काढताना अटलांटिकच्या मधोमध लांबच लांब भेग दाखवली. समुद्राचा तळ तिथे फाटून दोन्हीकडे सरकतो आहे, असे त्यावरून दिसत होते. तिच्या सोबत्यानेच आधी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावले. नंतर त्यालाही मानावे लागले. बाहेरच्याला आणि बाईला असे झिडकारणे आपल्या वाचकांना नवे नाही. पण पुरावा कुणी आणला हे पाहून विज्ञान फार काळ अडून बसू शकत नाही.

एक पुरावा तर आपल्याच खाणीत आहे. चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत आपले किती तरी बांधव पाळ्या करतात. त्या कोळशाच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, कधीच नष्ट झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. तसेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि बर्फाळ अंटार्क्टिकावरही सापडले. झाड काही समुद्र ओलांडून गेले नाही. तेव्हा ही सारी भूमी एकत्र होती. त्या प्राचीन खंडाला जगभर नाव आहे गोंडवन, आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलुखावरून पडलेले.

त्या खंडापासून आपला तुकडा सुटला, उत्तरेकडे निघाला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला. त्या रेट्याने जमीन उचलली गेली आणि हिमालय झाला. रेटा अजून थांबलेला नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे नखे वाढतात साधारण त्याच चालीने, आपण ईशान्येकडे चाललो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपले आईवडील ज्या मातीवर उभे राहिले, ती माती तेव्हापासून तीन-साडेतीन मीटर पुढे गेली आहे.

आता कुणी विचारील, टक्कर हिमालयात आणि धक्का किल्लारीला, हे कसे? मुंबईची लोकल आठवा. पुढे माणसे अडली आहेत, मागून रेटा चालूच आहे. डब्याच्या मधोमध उभ्या असलेल्याच्याही बरगड्या दबतात. आणि ज्याची बरगडी पूर्वी कधी मोडलेली असेल, त्याला कळ आधी येते. आपल्या पट्टाच्या पोटात अशा जुन्या मोडलेल्या जागा आहेत. ताण साठत राहतो, साठत राहतो आणि एक दिवस खडक सहन न होऊन सरकतो. त्या सरकण्याचा हादरा म्हणजे भूकंप. किल्लारीला हे सरकणे जमिनीखाली फार खोल झाले नव्हते, म्हणून वरचा तडाखा जबर बसला.

आपल्या राज्यात याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले होते. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. तिथे धरण भरल्यावर धक्के सुरू झाले. जलाशयाचे वजन आणि भेगांत मुरणारे पाणी यांनी आधीच ताणलेला खडक सुटतो, असे अभ्यासातून दिसले. म्हणजे ताण जमिनीचा, निमित्त पाण्याचे.

पाप आणि पुरावा

शेजारच्या म्हातारीला उत्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. तेव्हा गांधीजी म्हणाले की, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. ऐकायला हे आपल्या बाजूचे वाटते. परंतु रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. सृष्टीतल्या घटनेला सृष्टीतलीच कारणे असतात, तिला पापपुण्य चिकटवले की लोक अधिक आंधळे होतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आम्हाला ठाकुरांचे पटते. त्या भूकंपात मेलेल्यांत अस्पृश्यही होते. ती शिक्षा त्यांना कशाची झाली? अस्पृश्यता हा गुन्हा होता, पण त्याचा निवाडा माणसांनी आणि कायद्याने करायचा असतो, जमिनीने नाही.

आणि दुसऱ्याला सांगताना आपल्या घरातलेही तपासावे. महापरिनिब्बान सुत्तातही भूकंपाची कारणे दिली आहेत. पृथ्वी पाण्यावर आहे, पाणी वाऱ्यावर आहे, वारा सुटला की पाणी हलते आणि पृथ्वी हलते, असे त्यात येते. ती त्या काळची समजूत. आज पुरावा वेगळे सांगतो, तर पुराव्याबरोबर जाण्यातच आपल्या शिकवणीचा मान आहे.

भूकंपाचा दिवस आणि वेळ आज जगात कोणीही सांगू शकत नाही. "अमुक रात्री धक्का आहे" असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. नकाशावरही डोळे मिटून विसंबू नका. किल्लारीचा भाग १९९३ पूर्वीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि तो भाग वरच्या पट्ट्यात घातला गेला. म्हणून दिराचे "बांधूच नका" हेही बरोबर नाही. न हलणारी जागा शोधत बसण्यापेक्षा हलली तरी उभे राहील असे घर बांधावे.

मारते कोण?

एक तुलना पाहा. किल्लारीचा भूकंप होता सुमारे ६.२ तीव्रतेचा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ६.९ चा झाला. तीव्रतेच्या मोजपट्टीवर हा फरक लहान दिसतो, पण ऊर्जा दहापटीहून अधिक असते. तिथे माणसे मेली ६३. भूकंपाची खोली आणि शहरापासूनचे अंतर यांचा फरक आहेच. पण खरा फरक घरांचा.

आपल्याकडे भिंत कशी असे? दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडी-माती भरलेली, जोडायला फक्त चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे काही नाही. वर धाब्याचे छप्पर, त्यावर दर पावसाळ्याआधी नवी माती. उन्हाळ्यात गार, चोराला अवघड. पण जमीन हलली की दोन्ही थर फुगून वेगळे होतात, भिंत उकलते आणि दगड-माती अंगावर येते. पहाट असल्यामुळे सगळे त्याच भिंतींच्या आत होते. म्हणून आम्ही म्हणतो, भूकंपाने घर हलवले, माणूस मारला तो भिंतीने. आणि भिंत बांधणे आपल्या हातात आहे.

ताई, सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. गवंड्यालाही दाखवा.

दगड वापरायचाच असेल तर गोल गोटे नकोत, घडीव दगड घ्या. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. साधारण दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांवर, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा एकच लांब दगड घाला, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. जोडायला चिखल नको, सिमेंट-वाळू हवी. विटांचे बांधणार असाल तर विटा आधी भिजवून घ्या.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काँक्रीटचा पट्टा. जोत्यावर एक, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर एक आणि छपराखाली एक. सळई घातलेला हा पट्टा चारी भिंतींवरून आणि मधल्या भिंतीवरूनही अखंड फिरला पाहिजे. बोचक्याला दोरीने बांधतो, तसे तो घराला बांधतो. पैशाची फारच ओढ असेल तर दारे-खिडक्यांच्या डोक्यावरचा पट्टा तरी सोडू नका. कोपऱ्यात सळई तुटकी ठेवू नका, ती वळून पुढे गेली पाहिजे. कोपऱ्यांत उभी सळईही घाला. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर ठेवा. पिलर टाकणार असाल तर रिंगा जवळजवळ बांधायला सांगा आणि रिंगेची टोके आत वळवून घ्या. कंत्राटदार म्हणेल, "एवढ्याशा घराला कशाला?" ऐकू नका. खर्च थोडा वाढतो, पण जीव त्यातच आहे.

छप्पर हलके ठेवा. पत्रा घातला तर तो हुकाने पक्का बसवा, वर दगड ठेवू नका. बांधकामाला निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. गावी पाण्याची टंचाई म्हणून हेच काम आधी चुकवले जाते आणि सिमेंटचा पैसा फुकट जातो. म्हणून उन्हाळ्यात बांधकाम काढण्यापेक्षा पावसाळा सरताच काढलेले बरे.

शहरातल्या वाचकांनीही लक्षात घ्यावे. खोलीवर खोली चढवताना खालची भिंत एका विटेची आहे की दीड विटेची, हे कोण पाहतो? भिंतीवरची जड मांडणी ठोकून पक्की करा. धक्का बसलाच तर दार दोन पावलांवर आणि बाहेर मोकळे असेल तरच बाहेर पडा. नाही तर मजबूत टेबल किंवा पलंगाखाली डोके झाकून बसा, जिन्याकडे धावू नका. थांबल्यावर आधी गॅस बंद करा. तडे गेलेल्या घरात परत जाऊ नका, कारण मागाहून लहान धक्के येतात.

२५० चौरस फूट

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. भूकंपाने जात पाहिली नाही, जमीनदार पाहिला नाही. पण नंतर गावे नव्याने वसवताना घरांची मापे ठरली ती जमिनीवर. ज्याची शेती जास्त त्याला ७५० चौरस फुटांचे घर, मधल्याला ४००, आणि भूमिहीनाला व अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५०. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याची माणसे काही कमी मेली नव्हती. आपत्ती निसर्गाची असते, तिच्यानंतरची वाटणी माणसाची असते. म्हणून ग्रामसभेत, पंचनाम्याच्या वेळी, यादी वाचली जाताना आपण हजर राहिले पाहिजे. घराचा उतारा आणि कागद जपून ठेवले पाहिजेत.

आता पाणी

किल्लारीच्या घटनेला तेवीस वर्षे होत आली होती, तेव्हा तोच जिल्हा पुन्हा देशभर गाजला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते. त्याआधी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखावर ही पाळी का आली? सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला, हे एक कारण. उसासारखे पाणी पिणारे पीक, हे दुसरे. तिसरे कारण पुन्हा आपल्या पायाखालीच आहे.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तो थरावर थर थिजला आणि काळा पाषाण झाला. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग याच दगडाचा आहे. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा सुमारे ३४० मीटरपर्यंत हा काळा दगड लागला आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. हादरा त्या खालच्या जुन्या खडकातून आला. वरच्या काळ्या दगडाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या पोटात पाण्याला जागा फार थोडी.

"जमिनीखाली पाण्याच्या नद्या आहेत" हे खरे नाही. वर मुरूम असतो, त्यात पाणी मुरते. काही थरांची वरची बाजू छिद्रांची, जाळीदार असते. त्याला कुठे मांजऱ्या म्हणतात. त्यात आणि भेगांत थोडे पाणी राहते. खालचा घट्ट कातळ मात्र कोरडा. हिशोब करायचा तर शंभर घागरींएवढ्या मुरमातून एक-दोन, फार तर तीन घागरी पाणी हाती लागते. ही आपली बँक. दर पावसाळ्यात भरणा होतो, वर्षभर काढायचे. भरण्यापेक्षा जास्त काढले की खाते रिकामे.

बोअर खोल नेला म्हणजे नवे पाणी तयार होत नाही. चारशे फुटांवर नाही लागले, सातशेवर जाऊ, म्हणून माणसे कर्जात बुडाली आणि बोअर फेल गेले. लागलेच तर बऱ्याचदा ते शेजारच्या विहिरीचे पाणी असते. ज्याच्याकडे पैसा, त्याचा बोअर खोल. त्याची मोटर चालू झाली की वस्तीचा हातपंप हवा ओकू लागतो. एके काळी आपल्याला विहिरीवर चढू देत नव्हते. आज कोणी अडवत नाही, पण खालून पाणी ओढून नेले तर रांगेत उभी राहणारी बाई आपलीच असते.

यावर कायदा आहे हे पुष्कळांना ठाऊक नाही. भूकंप झाला त्याच १९९३ साली राज्यात ठरले की, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. पुढे २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानले आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी अशा नव्या विहिरींना मनाई केली. वस्तीच्या हातपंपाशेजारी कोणी बोअरची गाडी लावली, तर तोंडी भांडण करू नका. ग्रामपंचायतीत आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पाणाड्याचे काय? ताई, ते पाच हजार सिमेंटला ठेवा. नारळ, डहाळी, किल्ली यांना पाणी कळत नाही. धरणाऱ्याचा हात नकळत हलतो, तशी ती वस्तू हलते. मुरमात थोडेफार पाणी पुष्कळ जागी लागतेच. लागले की पाणाड्याचे नाव होते, फेल गेले की नशीब म्हणतात. त्याऐवजी आसपासच्या दहा विहिरी-बोअर पाहा. पाणी किती फुटांवर लागले, एप्रिल-मेमध्ये टिकते का, हे विचारून वहीत लिहा. उताराची, ओढ्याकडची बाजू पाहा. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते, तिथे भूवैज्ञानिक असतात, त्यांना भेटा. आणि आजूबाजूचे बोअर कोरडे असतील तर आपला मारूच नका.

त्यापेक्षा छपराचे पाणी धरा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ताईंचे छप्पर ३०० चौरस फुटांचे धरले, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेएकोणीस हजार लिटर पाणी होते. सगळे हाती लागत नाही, पण तीन हिस्से धरले तरी पुष्कळ झाले. पत्र्याला पन्हाळ लावा, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्या, पुढचे टाकीत घ्या. उरलेले दगड, खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून गाळून हातपंपाशेजारी जिरवा. सांडपाणी मात्र त्यात जाता कामा नये. गावच्या विहाराचे छप्पर हजार चौरस फुटांचे असेल तर हाच हिशोब पासष्ट हजार लिटरवर जातो. या वर्षी विहाराच्या रंगकामाआधी पन्हाळ लावावी, अशी आमची तरुण मंडळांना विनंती आहे.

तेव्हा ताई, आमचे उत्तर थोडक्यात असे. घर बांधा, दोन खोल्यांचेच, पण पट्टे घालून. बोअरची घाई करू नका. पन्हाळ आणि टाकी आधी. आणि म्हातारीला प्रेमाने सांगा की, धरणी कोणावर रागावत नाही. ती तिच्या नियमाने चालते. तो नियम ज्याला कळला, त्याला तिचे भय कमी.

मुलामुलींसाठी या आठवड्याचे काम. काड्यापेट्यांच्या रिकाम्या खोक्यांचे दोन सारखे मनोरे एका ताटात रचा. एका मनोऱ्याला तसेच ठेवा, दुसऱ्याला वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी रबर लावून शेजारच्या खोक्यांशी बांधा. मग ताट हलवा. कोणता आधी पडतो ते आजोबांना दाखवा आणि आम्हाला लिहून कळवा.